गरोदरपणातला ताप, बाळाची वार आणि ग्रहणाचा दोष

शहापूर-मुरबाड भागात गरोदर बाई दवाखान्यात एकटी क्वचितच येते. सोबत सासूबाई असतात, नाहीतर नणंद, नाहीतर पाड्यावरची आशाताई. बाळ पोटातच गेलं किंवा अधू जन्मलं, की पुढच्या तपासणीला यांतलंच कुणीतरी हळूच सांगतं, "डॉक्टर, ग्रहणात हिने विळी हातात घेतली होती." ती बाई खाली मान घालून बसलेली असते. तिला मी विचारतो, "तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ताप आला होता का? अंगावर पुरळ उठलं होतं? डोळे पिवळे झाले होते?" बऱ्याचदा उत्तर येतं, "आला होता की दोन दिवस. पण तो गेला."

ताप गेला हे खरं. पण जाताना तो वारेत काय करून गेला, हे कळायला वैद्यकशास्त्राला अडीचशे वर्षं लागली. आज तीच हकिगत सांगतो. ती लंडनमध्ये सुरू होते, ऑस्ट्रेलियातून फिरून पुण्याला आणि मुंबईच्या नायर रुग्णालयात येते, आणि मध्येच आपल्या तालुक्यातल्या विहिरींपाशी थांबते.

आधी वार म्हणजे काय ते पाहू. पुस्तकात तिला अपरा म्हणतात, डॉक्टर प्लासेंटा म्हणतात. प्लासेंटा हा लॅटिन शब्द, अर्थ चपटी पोळी किंवा केक. आपल्याकडच्या सुईणीने नाव ठेवलं असतं तर भाकरीच म्हटलं असतं, कारण ती दिसते तशीच: दिवस भरल्यावर सुमारे अर्धा किलो वजनाची, वीत-सव्वा वीत रुंद, गोल, मांसल. एका बाजूला आईचं गर्भाशय, दुसऱ्या बाजूला नाळ आणि बाळ. वारेच्या आत झाडाच्या मुळ्यांसारखे असंख्य बारीक तंतू असतात. त्या तंतूंत बाळाचं रक्त फिरतं आणि बाहेरून ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. सगळे तंतू पसरून मांडले तर दहा-बारा चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे एक खोली. प्राणवायू, साखर, लोह, सगळं या पातळ पडद्यातून बाळाकडे जातं. बाळाचं फुफ्फुस, मूत्रपिंड आणि आतडं, तिन्हींचं काम नऊ महिने हीच करते.

आईचं रक्त सरळ बाळाच्या अंगात जातं, अशी समजूत पूर्वी डॉक्टरांचीही होती. अजूनही पुष्कळ लोकांना तसंच वाटतं. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७५४ साली बाळंतपणाआधीच मृत्यू पावलेल्या एका बाईच्या रक्तवाहिन्यांत मेण भरलं आणि ते कुठपर्यंत पोचतं ते पाहिलं. मेण वारेच्या पोकळ्यांत शिरलं, पण बाळाच्या वाहिन्यांत गेलं नाही. दोन रक्तं वेगळी होती. मधे पडदा होता.

याच हंटर यांच्यासमोर पुढे एक कोडं आलं. १७७६ च्या डिसेंबरात एका गरोदर बाईला देवी आल्या. ती वाचली. तीन-साडेतीन आठवड्यांनी तिला मेलेलं मूल झालं आणि त्या मुलाच्या अंगावर देवीसारखेच फोड होते. हंटर यांनी ही हकिगत १७८० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. मधे पडदा असताना रोग पलीकडे गेला कसा? विषाणू हा प्रकारच तेव्हा कुणाला माहीत नव्हता. त्यामुळे प्रश्न विचारून झाला आणि तिथेच राहिला. देवीचा रोग गरोदर बाईला किती वाईट असतो, हे पुढे आपल्या देशातही पाहिलं गेलं. मद्रासचे डॉ. ए. आर. राव यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं की, अंगात रक्तस्राव होऊन माणूस दगावतो तो देवीचा प्रकार गरोदर बायांत कितीतरी जास्त होता. देवी १९७५ साली देशातून गेल्या. तुमच्या आजीच्या चेहऱ्यावरचे व्रण हीच आता त्यांची आठवण.

पुढची दीडशे वर्षं डॉक्टरांचा कल असा राहिला की, वार ही पक्की भिंत आहे; देवीसारखा एखादा रोग अपवाद. या समजुतीला तडा गेला तो १९४१ साली, आणि तो पाडणारा माणूस बाळंतपणाचा नव्हे, डोळ्यांचा डॉक्टर होता.

सिडनीचे डॉ. नॉर्मन ग्रेग यांच्याकडे तान्ही मुलं येऊ लागली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. तीन महिन्यांच्या बाळाला झाला तरी सहसा एखाद्याच. इथे मात्र रांग लागली होती. असं सांगतात की, बाहेर बाकावर बसलेल्या दोन आया एकमेकींशी बोलत होत्या आणि ते ग्रेग यांच्या कानावर पडलं: दोघींनाही गरोदरपणात जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, झाला होता. रुबेला तेव्हा अगदी फुटकळ आजार समजला जाई. दोन-तीन दिवस ताप, अंगावर फिकट पुरळ, मानेत गाठी, की संपलं. १९४० साली ऑस्ट्रेलियात त्याची मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी सहकाऱ्यांकडून माहिती मागवली. ७८ बाळं जमली. त्यांतल्या ६८ आयांनी सांगितलं की हो, आम्हाला रुबेला झाला होता, आणि बहुतेकींना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. काही बाळांची हृदयंही सदोष होती. पुढे बहिरेपणाचंही लक्षात आलं.

ग्रेग यांच्यावर लगेच कुणी विश्वास ठेवला असं नाही. लंडनच्या नामांकित 'लॅन्सेट'नेही १९४४ साली शंका घेतली. मला या हकिगतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: पुरावा प्रयोगशाळेतून आला नव्हता. तो आयांना आठवत असलेल्या एका साध्या तापातून आला होता, आणि तो ऐकून घेणारा एक डॉक्टर होता.

रुबेलाचा विषाणू १९६२ साली हाती लागला. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत प्रचंड साथ आली, सव्वा कोटी लोकांना लागण झाली आणि सुमारे वीस हजार बाळं जन्मतः दोष घेऊन आली. त्या काळात गर्भपात झालेल्या वारा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या, तेव्हा हंटरच्या कोड्याचं एक उत्तर मिळालं. रुबेलाचा विषाणू आधी वारेच्या तंतूंत मुक्काम करतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला लागण होते. त्या लागण झालेल्या पेशी सुटून बाळाच्या रक्तात वाहत जातात आणि डोळा, कान, हृदय जिथे घडत असेल तिथे अडकतात. म्हणून महिना महत्त्वाचा. पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला तर दहापैकी आठ-नऊ गर्भांना लागण होते. त्याच काळात अवयवांची घडण चालू असते. सोळा-अठरा आठवड्यांनंतर तोच आजार झाला तर व्यंग क्वचितच राहतं.

ग्रहणाचं गणित इथे कसं जुळतं बघा. ग्रहण वर्षाला दोन-चार असतातच, आणि घरातल्या बाईने नऊ महिन्यांत कधी ना कधी विळी, सुई, कुलूप हातात घेतलेलं असतंच. त्यामुळे दोष द्यायला कारण नेहमी तयार. दोन दिवसांचा ताप मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

रुबेलावरची लस १९६९ साली अमेरिकेत आली. आपल्याकडे सरकारी लसीकरणात ती यायला फार उशीर झाला, जवळपास अर्धं शतक. एवढा उशीर समर्थनीय नव्हता असं माझं मत आहे, आणि त्यातही खंत अशी की पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ही लस बनवून जगभर पाठवत होती. गोव्यासह पाच राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली आणि महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, एक टोचणी. शाळाशाळांत अफवा उठल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल: लस घेतल्याने पुढे मूल होत नाही म्हणून. ही लस होती नेमकी उलट कामासाठी. त्या वर्षी पाचवी-सातवीत हात पुढे करणाऱ्या मुली आज लग्नाच्या वयाच्या झाल्या आहेत आणि त्यांच्या बाळांच्या डोळ्यांचं रक्षण त्या टोचणीने केलं आहे. मुलांना का दिली, असं विचारतात. घरात ताप आणणारा धाकटा भाऊ किंवा दीरच असतो, म्हणून. एक लक्षात ठेवा, ही लस गरोदरपणात देत नाहीत. घेतल्यावर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. पण चुकून दिली गेली तर त्यासाठी गर्भ पाडायची गरज नसते.

आता दुसरी वाट. विषाणू बाळापर्यंत पोचलाच नाही, तरी बाळ जाऊ शकतं. याचा धडा १९१८ च्या तापाने दिला. जूनमध्ये मुंबई बंदरात फ्लूची पहिली लाट आली. सप्टेंबरात दुसरी, ती खरी मारक. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसं गेली. रेल्वेच्या मार्गांनी साथ प्रांतभर पसरली, आणि वाशिंद-आसनगाव-कसारा हा आपला मार्ग मुंबईहून निघणाऱ्या मुख्य मार्गांपैकी एक. मुंबई प्रांतात दहा लाखांहून अधिक मृत्यू मोजले गेले. जगात बहुतेक ठिकाणी त्या साथीत पुरुष जास्त गेले. हिंदुस्थानात बाया जास्त गेल्या. त्याच सुमारास अमेरिकेत डॉ. हॅरिस यांनी फ्लू झालेल्या १३५० गरोदर बायांची माहिती जमवली: २७ टक्के दगावल्या, आणि न्यूमोनिया झालेल्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचा गर्भ राहिला नाही. पुढच्या वर्षी हिंदुस्थानात जन्मच कमी झाले. फ्लूचा विषाणू वारेतून पलीकडे सहसा जात नाही. पण आईचा ताप चढलेला, फुफ्फुसं भरलेली, रक्तात प्राणवायू कमी. वारेला जो माल पुढे पोचवायचा तोच मिळत नाही. २००९ च्या स्वाईन फ्लूत पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनी हेच पुन्हा पाहिलं. त्यानंतर, २०१५ पासून, धोका जास्त असलेल्या गरोदर बायांना सरकारी रुग्णालयात फ्लूची लस मोफत द्यायला महाराष्ट्राने सुरुवात केली. ती लस मृत विषाणूची असते आणि गरोदरपणात चालते. तिच्यामुळे आईच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं वार स्वतःहून बाळाकडे पोचवते, खास वाहतूक करून, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत.

तिसरी वाट आपल्या भागाच्या सर्वांत जवळची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. ही काविळीची गोष्ट आहे.

१९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेला पूर आला आणि नदीचा प्रवाह सरकला. शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचं पाणी उलटं फिरून, जिथून पिण्याचं पाणी उचलत होते तिथे शिरलं. डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. बहुतेक बरे झाले, पण गरोदर बाया मात्र इतरांपेक्षा फार जास्त प्रमाणात दगावल्या. कावीळ म्हणजे त्या वेळी ए प्रकारची, एवढंच माहीत होतं. ए प्रकार गरोदर बाईला असं वेचून धरत नाही. मग हे काय?

उत्तराचा मोठा भाग पुण्यात सापडला. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघालं होतं, तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही. १९७८-७९ मध्ये खुद्द पुण्यात काविळीची साथ आली. डॉ. खुर्शीद पावरी तेव्हा संस्थेच्या प्रमुख होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकी शास्त्रज्ञांच्या जोडीने, पुण्याच्या साथीतले, अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतले आणि दिल्लीतले पंचवीस वर्षं जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. १९८० साली त्यांनी जाहीर केलं: या साथी ए प्रकारच्या नाहीत, बी प्रकारच्याही नाहीत. हा काहीतरी नवा विषाणू आहे. त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरून हेच पाहत होते. त्यांच्या नोंदीत कावीळ झालेल्या गरोदर बायांपैकी २२ टक्क्यांचं यकृत पूर्ण निकामी झालं. गरोदर नसलेल्या बायांत एकीचंही नाही. १९८३ साली मॉस्कोचे मिखाईल बालायान यांनी तर रुग्ण सैनिकांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्यायला, आजारी पडले, आणि स्वतःच्याच विष्ठेत तो विषाणू सूक्ष्मदर्शकाने शोधला. (असला प्रयोग करायला आज कुठलीही नैतिक समिती परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.) त्या विषाणूला पुढे हेपटायटिस ई हे नाव मिळालं.

ई कावीळ झालेल्या साध्या माणसांत शंभरात एखाद-दोघे दगावतात. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईत हे प्रमाण वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकतं. यकृतच बिघडतं, तर वारेचा काय संबंध? बरीच वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. २०१४ साली दिल्लीतल्या संशोधकांनी बाधित बायांच्या वारा तपासल्या, तेव्हा विषाणू वारेत नुसता पोचलेला नव्हता, तिथे तो वाढत होता. वारेत त्याची शेती जितकी जास्त, तितकी आई आणि बाळाची अवस्था वाईट. अकाली प्रसूती, पोटातच बाळ जाणं आणि जन्मलेल्या बाळालाही कावीळ, हे सगळं त्यातून येतं.

आता शहापूरकडे या. मुंबईला तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून जातं. भातसाचं पुढे जाऊ लागलं आणि आज मुंबईच्या रोजच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा आहे. तानसा आणि भातसा दोन्ही आपल्याच तालुक्यात. ते पाणी पांजरापूर-भांडुपला शुद्ध होऊन महानगराच्या नळाला येतं. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यांत मात्र एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात, नदीपात्रात झिरे खणतात, आटलेल्या विहिरीच्या तळाचं पाणी वाटीने भरतात. मुरबाडच्या माळशेजकडच्या वाड्यांची कथा वेगळी नाही. मग पहिला जोराचा पाऊस पडतो आणि उघड्यावरची सगळी घाण वाहून त्याच विहिरीत, त्याच झिऱ्यात उतरते. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला दोन ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. म्हणजे ज्येष्ठात प्यायलेल्या पाण्याची कावीळ आषाढ-श्रावणात उमटते, आणि तोवर त्या पाण्याची आठवण कुणाला राहत नाही.

कावीळ दिसली की आधी ती उतरवायला नेतात, हेही मला माहीत आहे. हाताला पाला चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली असं वाटतं. तुमचे नसले तरी ते पाणी पिवळं होईल, माझे हात घाला, तरी होईल. बाकीच्या माणसांची कावीळ बहुधा आपोआपच बरी होते, म्हणून या उपायाचा लौकिक टिकला. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र त्यात जाणारे दोन-तीन दिवस फार महाग पडतात. तिला त्याच दिवशी दवाखान्यात आणा. डोळे पिवळे आणि बोलण्यात गोंधळ, झोप जास्त, उलट्या थांबत नाहीत, कुठूनही रक्त येतंय, असं असेल तर गावच्या दवाखान्यातही वेळ घालवू नका, १०८ बोलवा.

पाणी उकळलं की हा विषाणू मरतो. भांड्यात चांगली उकळी फुटली पाहिजे, नुसतं कोमट उपयोगाचं नाही. सगळ्या घरासाठी सरपण पुरत नसेल तर निदान पोटुशीचं पाणी वेगळं उकळा. मेडिक्लोरचे थेंब उपकेंद्रात मिळतात. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो का आणि ओटी टेस्ट करतो का, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क तुम्हाला आहे. चीनमध्ये ई काविळीवर लस २०११ साली मंजूर झाली. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही.

कोविडची आठवण ताजी आहे, म्हणून थोडक्यात. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय २०२० च्या एप्रिलपासून कोविडच्या गरोदर बायांसाठी मोठा आधार झालं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने नायर आणि राज्यातल्या इतर वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून एक नोंदवही सुरू केली, प्रेगकोविड नावाची. पहिल्या लाटेतल्या ४२०३ गरोदर बायांची माहिती तिच्यात आली. सहापैकी जवळपास एकीचं बाळंतपण अकाली झालं. शंभरात एकीहून कमी दगावल्या. नायरमध्ये दुसऱ्या लाटेत मात्र हेच प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेलं. त्याच परळच्या संस्थेतल्या संशोधकांनी, विषाणूला पेशीत शिरायला ज्या कड्या लागतात त्या वारेतल्या कोणत्या पेशींवर आहेत, तेही २०२० सालीच शोधलं होतं.

पुढे डॉक्टरांना चकित करणारी गोष्ट निघाली. २०२१ मध्ये आयर्लंडहून बातमी आली की कोविड झालेल्या, फारशा आजारी नसलेल्या काही आयांची बाळं अचानक पोटात जात आहेत. बारा देशांतल्या अशा ६८ बाळांच्या वारा तपासल्या गेल्या. त्यांतल्या बहुसंख्य बाळांवर विषाणूचा स्वतःचा घाव फारसा नव्हता. पण वारेचा सरासरी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नष्ट झाला होता: तंतूंवरचं आवरण मेलेलं, मधल्या पोकळीत गोठलेल्या थराचं लिंपण, आईच्या पांढऱ्या पेशींची गर्दी. बाळ आतल्या आत गुदमरलं होतं. त्या ६८ आयांपैकी एकीनेही लस घेतलेली नव्हती. आपल्याकडे गरोदर बायांना कोविडची लस घ्यायची मुभा २ जुलै २०२१ ला मिळाली, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर.

झिका अजून चौथीच वाट धरतो. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात शंभरावर रुग्ण निघाले, त्यांत गरोदर बाया बऱ्याच. वारेत सफाई करणाऱ्या काही पेशी असतात. झिका नेमका त्यांच्याच पोटात लपून बसतो आणि पलीकडे जाऊन बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवतो, हे ब्राझीलच्या २०१५ च्या साथीनंतर कळलं. तो पसरवणारा डास डेंग्यूचाच, दिवसा चावणारा, घरातल्या पिंपात वाढणारा. टंचाईच्या गावात पाणी साठवावंच लागतं. पिंपावर फडकं बांधा आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडं करा.

एक तक्रार इथेच करून टाकतो. गर्भ पडला की 'टॉर्च टेस्ट' लिहून द्यायची सवय आपल्याकडे फार आहे. तिचा आयजीजी भाग पॉझिटिव्ह येतो तो बहुधा पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या लागणीमुळे किंवा लसीमुळे, आणि त्याने उलट संरक्षणच मिळतं. तरी तो कागद घेऊन बाया वर्षानुवर्षं औषधं खात फिरतात. वीटभट्टीवर राबून मिळालेला पैसा त्यात जातो. असा कागद तुमच्याकडे असेल तर घेऊन या, त्याचा अर्थ बसून समजून घेऊ.

मला त्याहून उपयोगी वाटते ती कार्डावरची एक ओळ. गरोदरपणात ताप, पुरळ, कावीळ यांतलं काहीही झालं, तर तारीख आणि कितवा महिना हे माता-बाल कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर आशाताईला सांगा, भिवंडी-कल्याणच्या भट्टीवर असलात तर फोन करून सांगा.

आणि पोटातच बाळ गेलं, तर वार पुरण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे वार घराजवळ पुरायची रीत आहे आणि दुःखाच्या वेळी ती लवकर उरकायची घाई असते. अशी वार फॉर्मेलिनमध्ये ठेवून तपासणीला पाठवता येते. शक्यतो अख्खी पाठवतात. घरच्यांना ते नको असेल तर छोटे तुकडे घेऊनही काम होतं, बाकीची रीतीप्रमाणे पुरायला हरकत नसते. नऊ महिन्यांत आत काय झालं, हे त्या तुकड्यांवरून पुष्कळदा सांगता येतं. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी कोणती लस घ्यायची, कोणत्या महिन्यात जास्त जपायचं, हे त्यावरून ठरवता येतं. तो अहवाल आला की सासूबाईंनाही सोबत घेऊन या. त्यांच्यासमोरच वाचून दाखवीन.